तोंड कुणीकडं होतं

जिल्हा परिषदेची आचारसंहिता लागली
तशी माझी बारा बोअर सेलूच्या ठाण्यात जमा.
पावती आहे, विम्याच्या कागदाखाली.
म्हणून हाताला पहार लागली.

काब्दे वकील बशीत चहा ओततात.
त्याचं तोंड कुणीकडं होतं?
तुमच्याकडं, का दाराकडं?
म्हणलं, लाईट गेलती साहेब.
बँकेच्या दारात चोवीस वर्षं बंदूक धरून उभा राहिलो,
एकदाबी उडवली नाही.
अंधारात माणसाची पाठ कशी ओळखायची
ते कुणी शिकवलं नाही.

ते म्हणतात, कडी तोडून आत आला
तोवर कायदा तुमच्या बाजूला.
पहिला घाव त्यात बसतो.
दुसऱ्याचं सांगा.

दुसऱ्याचं काय सांगू.
तो परभणीच्या सिव्हिलमध्ये, नळीवर.
पंचनाम्यात पहार, लोखंडी, साडेतीन फूट.
घागर आडवी.
एक चप्पल, डाव्या पायाची,
उंबऱ्याबाहेर.
टोक रस्त्याकडं.

द्रौपदा म्हणते, सांगून टाका,
अंगावर येत होता.
ती न्हाणीत कडी लावून बसलेली,
तिला दिसलं काहीच नाही,
ऐकू तेवढं आलं.
मलाबी तेवढंच आठवतंय:

जातो मामा,
जातो की.