लाल गहू

इसाकमामूच्या पत्र्याच्या पेटीत त्याची नली सापडली:
एकोणीस वर्षांच्या बोटी, प्रत्येकीपुढे गोल शिक्का,
वर्तणूक चांगली.
एकाच पानावर जांभळ्या शाईत आडवं काहीतरी.
साखरतरमध्ये ते कुणालाच वाचता आलं नव्हतं.
मामूला पाठ होतं.

बाल्टिमोर. बावन्नचा डिसेंबर.
जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड टाकून
दोन साहेब बसले, आणि आगवाल्यांची रांग
अंगावरच्या कोळशासकट उभी राहिली.
साहेबाने लांबलचक विचारलं.
सारंगाने त्याचे तीन शब्द केले:
"तू लाल काय?"
मामू म्हणाला, दाढी. ती पण मेंदीने.
सारंग हसला. साहेबाने ते लिहून घेतलं.
मग खिशातली पावती निघाली,
खलाशी युनियनची, चार आण्यांची,
मुंबईला भरलेली, बोट मिळावी म्हणून.

बाकीचे शहर बघून आले.
कुणी हातमोजे आणले, टंडेलाने डोळे मिटणारी बाहुली.
मामू नऊ दिवस कठड्याला.
समोर गहू चढत होता, आपल्याकडे यायचा,
लाल, टपोरा, नळातून धो धो.
त्याला कुणी काही विचारलं नाही.

फाटकाबाहेर रोज एक माणूस यायचा,
काळा, उंच, कानटोपी घातलेला.
सारंग सांगायचा, याच धक्क्यावर पोती वाहिली त्याने,
आता पास काढून घेतलाय.
तो कागद वाटायचा. घेणारा घडी करून
चार पावलांवर बर्फात सोडायचा.
चौथ्या दिवशी त्याने वर बघून हात केला.
मामूने केला.
तेवढंच. पुढचे पाच दिवस, सकाळी, तेवढंच.

मार्चमध्ये तो गहू रत्नागिरीच्या रेशनवर आला,
आम्हा भातखाऊंच्या ताटात.
मामी म्हणाली, चपाती नव्हे, चप्पल आहे.
मामू एक दाणा दाढेखाली धरून
पुळणीवर सुकट उलथत बसायचा.
"बोट माझीच," म्हणायचा.

मी एकदा विचारलं, त्या माणसाचं नाव काय होतं?
त्याचा हात थांबला.
"माहीत नाही. बरंच झालं.
निघायच्या आदल्या दिवशी परत बसवलं मला
त्या हिरव्या कापडासमोर.
हात कुणाला करतोस,
नाव सांग, शहर बघून ये, म्हणाले."

मी पुढे काही विचारणार होतो.
"कावळा हाकल," तो म्हणाला.