ओणवा

तेलावीत पहाटे चारला
नुगझार भट्टीत डोकं घालतो.
भट्टी म्हणजे अर्धा पुरलेला रांजणच,
पोटात निखारे.
डोकं, खांदे, मग अख्खी कंबर,
एक पाय हवेत,
लांबट पाव आतल्या भिंतीला थापायचा
आणि आपण भाजायच्या आत वर यायचं.

एकतीस वर्षं हेच.
गेल्या हिवाळ्यात तो वाकला
आणि तिथेच अडकला.
त्सिआलाने पट्टा धरून त्याला वर काढलं,
विहिरीतून पोहरा काढावा तसं.
ती हसली नाही. तोही नाही.
नंतर, चहा पिताना, दोघंही.

आता पिठाला हात लावायच्या आधी
तो दाराच्या चौकटीला लोंबकळतो.
मग मांजरीकडे बघत
तिच्यासारखी पाठ उचलतो, सोडतो, उचलतो.
मांजर कंटाळून निघून जाते.
गुडघे कुरकुरतात.
कुरकुरा, म्हणतो, पण चालता चालता.

त्याचा बाप ताठ कण्याचा.
मोडेन पण वाकणार नाही, म्हणायचा,
आणि दोन्ही गोष्टी त्याने करून दाखवल्या.
शेवटी बुटांच्या नाड्या
सून बांधायची.

नुगझार त्रेपन्नचा.
तळाची ओळ हल्ली शिकाऊ पोरगा लावतो.
आज पोरगा आला नाही.
आज हाच उतरला,
पूर्वीपेक्षा हळू,
हात वीतभर कमी पोचला,
म्हणून श्वास सोडला, आणखी एक सोडला,
आणि ती वीत
कंबरेत कुठेतरी सापडली.

वर आला तर भुवया जरा करपलेल्या.
खिडकीशी बाई उभी:
गरम आहेत ना?

कोण, मी?