जोडाची लांबी

जाडी वीस मिलिमीटर.
एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात मीटर.
आत सळई नाही, गंजेल असं काहीच नाही.
नुसती जाळी, काळ्या कार्बनच्या धाग्यांची,
इर्मट्राउटने विणलेली.

ती आधी मोजे विणायची,
केम्निट्झच्या त्या गिरणीत, जिच्या जागी आता
मोटारी धुतात.
भिंत पडली तेव्हा फोटो निघाले.
गिरणी पडली तेव्हा कोणी काढले नाहीत.
मग चौदा वर्षं बेकरीत पाव मोजून दिले तिने,
आणि एक दिवस आमच्या प्रयोगशाळेला
जुनं विणयंत्र जाणणारं माणूस हवं झालं.
लोरेंत्सबाईंनी विचारलं, काँक्रीटचं काही माहीत आहे?
ही म्हणाली, नाही.
धागा कुठे दगा देतो, ते माहीत आहे.

नोव्हेंबरात आम्ही कवच ओतलं.
लाकडी साच्याच्या पाठीवर तीन मिलिमीटर काँक्रीट,
वर जाळी,
वर काँक्रीट, वर जाळी.
त्यार्कची थापी सारखी घसरायची, तो समुद्राकाठचा,
त्याला सपाटच सवय.
एक जाळी संपते आणि दुसरी तिच्यावर चढते,
तिथे इर्मट्राउट थांबली.
फळीवर ओणवी होऊन म्हणाली,
इथे पदर कमी पडतोय.
मी नकाशा दाखवला. नकाशात बारा सेंटिमीटर.
नकाशा माझाच होता.
मग ठीक, ती म्हणाली,
ठीक नसल्यासारखं.

फेब्रुवारीत भार चढवला.
दर थरानंतर दहा मिनिटं वाट,
पिवळ्या रेषेच्या अलीकडे सगळे,
मी सातव्या मापकावर.
वाळूची पोती संपली आणि कवच नुसतं उभं.
शेवटी नगरपालिकेकडून रस्त्यावर टाकायचं मीठ उसनं आणलं.
त्या आठवड्यात आमची गल्ली निसरडी राहिली,
शेजारीण माझ्याशी बोलेना.

तडे आले.
पण कसे, केसाएवढे,
एकमेकांपासून नेमकं अंतर राखून,
इथली माणसं बसथांब्यावर उभी राहतात तसे.
त्यार्क घाबरला.
लोरेंत्सबाई मात्र खूश:
एकच मोठी भेग म्हणजे संपलं,
शंभर बारीक म्हणजे धाग्याने अजून धरलंय.
निळ्या पेन्सिलीने त्या प्रत्येक तड्याशेजारी भाराचा आकडा लिहीत गेल्या,
दुर्बिणीतून पाहून, कागदावरच्या कवचावर.

मग तो आवाज.
फुटण्याचा नव्हे.
शेजारच्या खोलीत कोणी मोजा उसवतंय, असा.
सातव्या मापकाचा काटा निघाला तो थांबेचना,
मी "काटा" एवढंच ओरडलो,
आणि चार वाजून सतरा मिनिटांनी
मीठ, वाळू, कवच
सगळं खाली.

धूळ बसायच्या आत सगळे कॅमेऱ्याकडे धावले.
ती धावली नाही.
धूळ बसू दिली, परवानगी विचारली,
आणि सरळ त्या कडेपाशी गेली.
एक तुकडा उचलून आणला,
त्यातून काळी झुलपं लोंबत होती.
माझ्या हातात दिला.
बघ, म्हणाली, टोकं शाबूत आहेत.
तुटला नाही.
सुटला.

मग तिने बोटं ताणून वीत पसरली तुकड्यावर,
अंगठ्यापासून करंगळीपर्यंत,
आणि काहीच बोलली नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.

अहवालात मी लिहिलं: जोडाची लांबी अपुरी.
कोणी आधी सांगितलं होतं,
यासाठी अहवालात रकाना नसतो.
रात्री अकराला परत गेलो आणि तळटीप घातली,
तिचं नाव, तारीख, वाक्य जसंच्या तसं.

मेमध्ये दुसरं कवच ओतायचं आहे.
नव्या नकाशात मी जोडाची जागा कोरी ठेवली आहे.
पेन्सिल इर्मट्राउटच्या हातात आहे.
ती अजून चष्मा शोधते आहे.