हयातीचा दाखला

मुरादच्या दंडाला पट्टा बांधला तेव्हा
तो म्हणाला, जरा घाई कर, बसमध्ये पोरं थांबलीयत.
अल खूदहून सीबच्या किनाऱ्यापर्यंत बस चालवतो तो.
महिन्यातून एकदा येतो, वीस मिली रक्त देतो,
वर चार खजूर देतो आणि विचारतो,
"माझे शिपाई जिंकले का?"

लोणी वर येतं, तसं इथे नाही.
हव्या त्या पेशी खाली बसतात,
तांबड्याच्या अंगाला लागून.
दिवसभरही टिकत नाहीत,
म्हणून डबा उघडायच्या आत उरकायचं सगळं.
एका पेशीमागे दहा जंतू,
सदतीस अंश, एक तास.
नळी मंद फिरत राहते.
आत काय चाललंय, बाहेरून कळत नाही.

मग पाणी. क्षार नसलेलं, निव्वळ पाणी.
पांढऱ्या पेशी ते पितात आणि फुटतात.
जंतूंची भिंत जाड, त्यांना काही होत नाही.
ज्यांनी गिळलं त्यांना असं मारून
गिळलेल्यांना हाक द्यायची :
आहे का कोणी?

व्याख्या अशी आहे :
जो वाढून डोळ्याला दिसेल एवढा ठिपका होतो
तो जिवंत.
बाकीचे आत काही का करत असेनात,
मोजायचे नाहीत.
हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला चाळीस पूर्ण झाली होती,
घरात मी एकटीच,
आणि मी पान उलटलं.

गुरुवारी मोजलं.
पेशींशिवाय दोनशे बारा.
पेशींसोबत शून्य.
शून्य छान गोल काढलं, तय्यब सरांना दाखवलं.
बशा टाकायच्या राहून गेल्या.

शुक्रवारी अण्णांचा फोन.
बँकेत गेले होते, हयातीच्या दाखल्यासाठी.
छत्तीस वर्षं सरकारी छापखान्यात खिळे जुळवले,
शिसं आणि रॉकेल,
बोटांवर रेघ म्हणून उरली नाही.
"यंत्र म्हणतं, जुळत नाही.
मी म्हटलं, बाई, समोर उभा आहे की!
ती म्हणाली, काका, मला दिसताय हो,
पण तिकडे दिसायला पाहिजे ना."
हसले. मग खोकले बराच वेळ.
सोमवारी परत बोलावलंय म्हणाले.

रविवारी उबवणीच्या कपाटाचं दार उघडलं.
शून्याच्या बशीत
सात टिंबं.
टाचणीच्या टोकाएवढी. सोनेरी असायला हवीत, ती फिकी.
दिव्यासमोर बशी तिरकी धरली तरच.
मेली नव्हती.
पेशीच्या पोटात दम धरून बसली होती
आणि माझी घाई संपायची वाट बघत होती.

नियम असा की खोडायचं नाही.
शून्यावर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे,
शेजारी सात, आद्याक्षरं, तारीख.
कारणाच्या रकान्यात पेन थोडं थांबलं.
"उशिरा दिसले," लिहिलं.

अण्णांना कळवलं :
उद्या निघताना हात कोमट पाण्यात बुडवा,
खोबरेल चोळा,
अंगठा घेत नसेल तर करंगळी द्या,
आणि घाई करू नका, बसून राहा.

दुपारी थांब्यावर मुरादने काच खाली केली.
"जिंकले?"
दोनशे बारातले सात उरले, मी म्हटलं.
त्याने गियर टाकला, जरा विचार केला.
"सात म्हणजे पुष्कळ झाले,"
म्हणाला.
कोणाच्या बाजूने, ते सांगितलं नाही.