दार, एक, लाकडी

वूच शहरात, बंद पडलेल्या कापडगिरणीच्या मागे,
चौथ्या मजल्यापर्यंत बाहुलीघर घेऊन चढते मी.
एक हात कठड्याला, दुसरा इवल्या छपराला.
खालच्या चौकात कोळशाचा वास, जिन्यात कोबीचा.
मी हाल्श्का. मुलांना प्रश्न विचारते
आणि उत्तरांचे आकडे करते.

प्रश्न बारावा: सकाळी तुला कोण उठवतं?
झेमेक, वय सहा, पुढचे दोन दात पडलेले,
म्हणतो, फ्रिज.
फ्रिज?
रात्रभर घूं घूं करतो. मग गप्प होतो.
तो गप्प झाला की मला जाग येते.
पर्याय पाहते: आई, वडील, आजी, भावंड, इतर.
इतरवर खूण.
त्या इतरच्या पोटात काय आहे
ते पुढच्या पानावर विचारायचं असतं:
मोहरीची बाटली,
आणि काकड्या संपलेलं खारं पाणी.

प्रश्न एकोणिसावा: मोठ्यांची भांडणं ऐकू येतात?
ऐकत नाही, मोजतो, तो म्हणतो.
आधी भिंतीपलीकडचा रेडिओ मोठा होतो,
मग खुर्ची,
मग आईचा आवाज, अर्धाच,
मग नळ.
नळ सुटला की संपलं.
एकदा नळ सुटलाच नाही.
तेव्हा तो शंभरापर्यंत गेला.
पुढचे आकडे त्याला अजून येत नव्हते,
म्हणून परत एकपासून.

मग बाहुलीघर.
आईला त्यानं नळाजवळ ठेवलं, बापाला छपरावर,
बहिणीला पलंगाखाली, तोंड भिंतीकडे.
मुलगा हातातच राहिला त्याच्या.
हा कुठे जाणार रे?
थांब ना, तो मोजतोय.

ऑफिसात हीच चित्रफीत योलांतानं पाहिली.
तिनं दिले दोन, मी चार.
दोघींचं जुळत नाही, व्याख्या पुन्हा वाचा, असं ठरलं.
पुन्हा वाचली. मारहाणीचा रकाना भरता येतो,
तिला तारीख असते, कधी साक्षीदार.
आबाळ म्हणजे सगळं न घडलेलं:
न बांधलेली बुटाची नाडी,
जेवलास का, हे न विचारलेलं,
कानातून तीन आठवडे वाहणारं पाणी आणि वर टोपी.
न घडलेल्याकडे कॅमेरा रोखून
आम्ही दोघी बसलो होतो, कॉफी गार होईपर्यंत.

फोन मी केला. नियमच आहे, आणि नसता तरी.
पलीकडून विचारलं, वळ आहेत?
नाहीत.
हाड मोडलंय?
नाही.
मग नेमकं काय आहे, बाई?
मी नाडीपासून सुरुवात केली.
लेखी पाठवा, त्या म्हणाल्या.
पाठवलं. पोच आली. पोच अजून माझ्याकडे आहे.

त्या संध्याकाळी साहित्य तपासलं.
खोल्या चार. पलंग तीन. माणसं पाच.
दार, एक, लाकडी: नाही.
याला मात्र छापील तक्ता होता,
वस्तू, संख्या, किंमत, नसण्याचं कारण.
कारणापुढे मी लिहिलं, वापरात आहे.
हिशेबनीस हसला, म्हणाला, असं चालत नाही,
आणि मी चार झ्वॉटी भरले.

दुसरी फेरी दोन वर्षांनी.
दात आलेत, एक जरा तिरका.
आता हजारापर्यंत येतं, त्यानं आपणहून सांगितलं.
आणि नळ?
नवा बसवला. त्याचा आवाज होत नाही.
मग संपलं हे कसं कळतं तुला?
नाही कळत.

मी लिहून घेतलं. हात चालतो, सवय आहे त्याला.
बाहुलीघराला आता प्लास्टिकचं दार होतं, निळं.
झेमेकनं ते ढकललं, ओढलं, पुन्हा ढकललं,
कारागिरासारखी मान हलवली.
हे नीट लागत नाही.
जुनं लागायचं?
हा प्रश्न यादीत नव्हता.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे,
मग पुन्हा माझ्याकडे.
हो, म्हणाला.
आतून.