तपासणी

कारखान्यातून येतात त्या सगळ्या हसतच येतात.
मी अ‍ॅसिटोनमध्ये कापसाचा बोळा बुडवते
आणि आधी ते हसू पुसते.
मग भुवया, मग छापील पापण्या.
उरतं ते गुळगुळीत, कोरं.
शेजारच्या दुसाने काकू म्हणतात,
"तिन्हीसांजेला नको गं बाई असलं काही."

पण वेळ तिन्हीसांजेलाच मिळतो.
कुकरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शिट्टीच्या मधे
एक डावा डोळा होतो.
शार्दुलचं बीजगणित तपासून होईतो
उजव्याचा पांढरा वाळतो.
जेलरोडला जानेवारीत माती दगड होते,
मग तिची गोळी गाऊनच्या खिशात, पोटाशी ठेवून
मी पोळ्या लाटते.
शेवटच्या पोळीला तिला
नाक काढण्याइतकी ऊब आलेली असते.

हेमंतची सातपूरला रात्रपाळी असली की जेवणाचं टेबल माझं.
पहाटे तो येतो, चहाआधी
दहा-बारा डोकी बाजूला करतो, हळू,
झोपलेल्यांना सरकवावं तशी.
एकदा म्हणाला, ही आपल्या मनमाडच्या मावशीसारखी दिसते.
दिसत होती. मी केस बदलले.

सासरे, नाना, बत्तीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासत होते.
फाकलेली शाई, सरकलेली रेघ,
केसभर खाली उतरलेला आकडा,
काही निसटायचं नाही.
निवृत्त झाले, डोळे ड्यूटीवरच राहिले.
माझी पहिली बाहुली त्यांनी खिडकीशी नेली,
उजेडात उलटसुलट केली, खाली ठेवली.
"रद्द. डावा डोळा सुतभर वर."
रात्री मी थोडी रडले, मग पट्टी घेऊन मोजलं.
सुतभर वर होता.

तेव्हापासून एकही त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय जात नाही.
ते "चालेल" म्हणाले की मी वार्निश मारते,
द्राक्षांच्या खोक्यातला कागदी भुसा
तिच्या मानेखाली, गुडघ्यांखाली दाबून भरते
आणि कुरिअरवाल्याला सांगते, उभी ठेवा हं.

सिन्नरच्या पिंगळे बाईंनी मुलीचा फोटो पाठवला.
वरच्या ओठावर टाक्यांचा पांढरा व्रण.
खाली लिहिलेलं: हा राहू द्या, ती आधी तोच शोधेल.
नाना भिंग फिरवत राहिले.
"इथे चूक आहे."
"ऑर्डरच तशी आहे, नाना."
बराच वेळ पंखाच वाजत होता.
मग म्हणाले, "चूकसुद्धा बरोबर हवी.
फोटोत ती डावीकडे झुकते. तू सरळ केलीस."

परवा एक घाईत झाली.
शार्दुलला ताप, सिलिंडर संपलेला,
एक डोळा पार कपाळाकडे निघालेला,
मला स्वयंपाकघरातूनही दिसत होता.
पुसायची म्हणून बाजूला ठेवलेली,
ती त्यांनीच उचलली.
खिडकीशी नेली. उजेडात धरली.
भिंग घेतलं नव्हतं.
नुसता अंगठा गालावरून, हनुवटीवरून फिरवला,
कोरी नोट चाचपावी तसा.
"चालेल," म्हणाले. "छान जमलीय."

कुकरने किती शिट्ट्या दिल्या कुणास ठाऊक.
वरण खालून लागलं.
ते जेवताना म्हणाले, आज वास वेगळा येतोय,
आणि पोळीवरचा काळा डाग
न बोलता खाऊन टाकला.

गुरुवारची वेळ घेतलीय, द्वारका सर्कलजवळच्या डॉक्टरांची.
माझ्या चष्म्यासाठी, असं सांगितलंय.
सोबतीला चला म्हटलं तर म्हणाले,
तुझे डोळे चांगले आहेत की.

ती टीव्हीशेजारी बसवलीय, भुसा नाही, खोकं नाही.
एक डोळा वर करून घरभर बघते.
बोळा दोनदा उचलला, दोनदा ठेवला.
माझ्याच्याने नाही पुसवत.
त्यांनी रद्द करावी ती.