एकाच हातची

"विकणे आहे. लान्चिया आप्पिया, सलून, सन एकसष्ट.
रंग राखाडी. एकाच हातची. कायम गॅरेजात."
मजकूर एर्मिनियाने सांगितला, मी उतरवून घेतला.
"कुठेही पोचा नाही" हेही तिनेच घालायला लावलं,
आणि तिथे माझं पेन जरा अडखळलं.

सेकोंदोला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.
हिशेबनीस माणूस. गिरणी बंद पडली
तरी पेट्रोलच्या पावत्या तारखेवार लावायचा.

रॉटरडॅमहून वीब्रन आला, मागे रिकामा ट्रेलर ओढत.
बॉनेट उघडून हसला:
चार सिलिंडर, एका गोधडीत चार भावंडं निजावीत
तसे खेटून.
मग दारं उघडली. पुढचं पुढे उघडतं, मागचं मागे,
मधे खांबच नाही.
दोन्ही उघडी टाकली की वाटतं
कुणी घराची एक भिंत काढून नेली.

नंतर त्याने खिशातून चुंबक काढलं,
मोज्यात गुंडाळलेलं, रंगाला ओरखडा नको म्हणून.
छतावर टक्. मडगार्डवर टक्.
मी गॅरेजच्या दारात उभा,
जिभेखाली गोळी ठेवल्यासारखा गप्प.
डाव्या मागच्या दारावर चुंबक
टेकलं,
आणि घसरून त्याच्या तळहातात आलं.

तिथे माझी लांबी आहे.
त्र्याहत्तरचा डिसेंबर, तेल महागलेलं,
रविवारी गाड्या रस्त्यावर आणायला सरकारची बंदी.
त्या रविवारी पहाटे तिने माझी खिडकी वाजवली.
सेकोंदो पायी आईकडे गेलेला, दोन दऱ्या पलीकडे.
अंगावर नवऱ्याचा कोट, गुडघ्याला खरचटलेलं.
"संध्याकाळच्या आत, बत्तिस्ता," एवढंच म्हणाली.
मी ठोकलं, भरलं, घासलं, रंग दिला,
चुलीतले निखारे घमेल्यात आणून
दाराशी धरून वाळवला.
मी चोवीस वर्षांचा. विचारलं नाही.

पण पस्तीस वर्षं मनात विचारत राहिलो.
बाई पहाटे एकटी गाडी काढते, ती कुणाकडे?
पोस्टमन झाला, चर्चची घंटा वाजवणारा झाला,
गिरणीतला तो रंगारी, ज्याला शीळ छान घालता यायची.
अर्ध्या गावावर संशय घेऊन झाला,
एकाचाही मेळ बसला नाही.

वीब्रन म्हणाला, "बाई, इथे काहीतरी झालंय."
"धुण्याच्या हौदाचा कोपरा," ती म्हणाली.
"शिकत होते."
"काय?"
"चालवायला. अख्ख्या देशात रस्त्यावर गाडी नाही,
म्हटलं, आज कुणाला धडकणार?"

मी हसलो नाही. मला बसायला काहीतरी हवं होतं.

"यांना कळलं?" मी विचारलं, पस्तीस वर्षांनी पहिल्यांदा.
"बोलले नाहीत. पण गाडी धुताना
त्या दारावर फडकं हळू फिरवायचे.
आणि पुढच्या रविवारी किल्ली
कोटात ठेवायच्या ऐवजी खिळ्याला लावून गेले."
"मग?"
"मग बर्फ पडला," ती म्हणाली. "मग मुलं झाली."

वीब्रनने तीनशे कमी केले. तिने घासाघीस केली नाही.
नोटा ओल्या बोटाने दोनदा मोजल्या,
एप्रनमध्ये ठेवल्या, वर सेफ्टी पिन लावली.
तो ट्रेलरच्या फळ्या लावायला वाकला
तेवढ्यात ती डाव्या बाजूने आत शिरली, चाकामागे.

गिअर स्टिअरिंगपाशी; पहिला पडताना
दात खाल्ल्यासारखा आवाज झाला.
गाडीला एक गचका, मग दुसरा.
ट्रेलरला वळसा घालून ती उताराला लागली,
हौदाच्या दिशेने, ब्रेकचा लाल दिवा
विझत, पेटत, विझत.

"परवाना आहे ना त्यांच्याकडे?" वीब्रनने विचारलं.
त्याचं चुंबक माझ्या हातात राहिलं होतं.
मी मोजा उलटा करून पाहिला.
टाचेला रफू होतं.